निरोप ठेवायला जागा नाही

ओदील थिबोदो, वय एकाहत्तर,
तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
दर मंगळवारी लाँड्रोमॅटमध्ये
तिसऱ्या ड्रायरला पाठ टेकून बसते. ऊब लागते म्हणून.
मांडीवर सुट्ट्या नाण्यांचा डबा,
झाकणावर मार्करनं लिहिलेला नंबर:
आमच्या आमदारबाईंचा.

व्हरमाँटमधली आमची वसाहत नदीकाठी.
बेचाळीस घरं, सगळ्यांना चाकं,
आणि एकही कुठे जात नाही.
घर माझं. घराखालची जमीन कंपनीची.
जुलैत त्या जमिनीवर येणारं पाणी
अजून कुणाच्या नावावर लागलेलं नाही.

"कपडे वाळायला चाळीस मिनिटं," ओदील म्हणते,
"फोनला दोन. लाज कसली?"

मग शिकवते,
लहान पोराला रस्ता ओलांडायला शिकवावं तशी:
कागद वाचू नकोस, कागद त्यांच्याकडे ढिगानं आहेत.
आधी नाव, मग गल्ली.
बिलांचे नंबर एकदाच, सावकाश.
एक बिल नदीला पसरायला रान देणारं,
दुसरं आपल्याला तिच्यापासून वर
परवडेल अशा भाड्यात राहू देणारं.
हे दोन वेगळे विषय आहेत, असं म्हणतील.
म्हणू देत.
त्या रात्री पाणी आणि भाडं
एकाच दारातून आत आले होते.
रडू आलं तर रड,
पण गल्लीचं नाव सांगून झाल्यावर.

दिलमाया घिमिरे ओले टॉवेल पिळत म्हणाली,
मला अजून मत नाही, माझं कोण ऐकणार?
"भाडं भरतेस ना?" ओदील म्हणाली,
आणि डबा तिच्यापुढे सरकवला.

मी पहिल्या मंगळवारी मोजे जोडत राहिले.
दुसऱ्या मंगळवारीही. सात मोजे एकटेच निघाले.
गप्प बसणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत,
हे मला ठाऊक होतं,
पण माझ्याकडे गहू तरी कुठे होते?
होती भिंतीवर एक तपकिरी रेघ,
स्विचच्या चार बोटं वर.

तिसऱ्या मंगळवारी लावला फोन.
बर्फ पडत होतं. घंटा वाजत राहिली.
मग यंत्रातला स्वच्छ, इस्त्री केलेला आवाज:
मेलबॉक्स भरलेला आहे.
निरोप ठेवायला जागा नाही.

जागा नाही.
हे मी निवारा केंद्रात ऐकलं होतं,
महामार्गावरच्या मोटेलात,
बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडून, मान वळवून.
आता टेलिफोनातसुद्धा.

ओदीलला सांगितलं तर ती हसत सुटली,
ड्रायरवर थाप मारली. "भरला?
अगं, कोण भरतंय असं वाटतं तुला?"
आणि हात फिरवला साऱ्या खोलीवरून:
दिलमाया, बेकरीतला तो रातपाळीवाला,
दोन जुळी पोरं घेऊन आलेली नर्स,
गरगरणाऱ्या काचांमागच्या आमच्या चादरी.

मग पावडरीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला,
स्वतःच्या पाकिटातलं तिकीट चिकटवलं.
"लिही. पुठ्ठ्याला बीप नसतो."

मी लिहिलं. रेघेची उंची लिहिली, इंचात.
खाली माझा नंबर.

पुढच्या गुरुवारी कामावर असताना फोन.
आमदारबाईंच्या ऑफिसातला कुणी पोरगा,
आवाज अजून पुरता पिकला नव्हता.
म्हणाला, उद्या समितीची बैठक आहे,
तुमची गल्ली नकाशावर सापडत नाही.
नाही सापडणार, मी म्हटलं.
तिचा खालचा अर्धा भाग आता नदीत आहे.

तो गप्प.
मग ड्रॉवर उघडल्याचा, पेन शोधल्याचा आवाज.
अक्षर अक्षर सांगा, म्हणाला.
सांगितलं. एच. ई. आर. ओ. एन. हेरन लेन.
त्यानं परत वाचून दाखवलं.
समितीत काय झालं ते अजून कळलेलं नाही.

डब्यावरचा नंबर हात लागून लागून पुसत चाललाय,
शेवटचे दोन आकडे अंदाजानं वाचावे लागतात.
मंगळवारी ये. धुवायचं काही नसलं तरी चालेल.
येताना मार्कर आण.